निळसर-हिरव्या भिंतींचा गारवा

गृहकर्जाच्या आधारे घेतलेल्या सदनिकेत खोल्यांची लांबी-रुंदी आणि खिडक्यांची दिशा आधीच ठरलेली असते. भिंतींचा रंग मात्र कुटुंबाच्या हाती असतो आणि पुढील अनेक वर्षे तोच डोळ्यांसमोर राहणार असतो. म्हणूनच मंद निळसर-हिरव्या छटेचा मोह पडला, तरी तिची निवड पारखूनच व्हायला हवी.

ही छटा मराठी मनाला परकी नाही. मोराच्या पिसावरून मोरपंखी आणि मोरचुदावरून मोरचुदी ही नावे भाषेत रुळलेली आहेत. चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवण्याची रीतही जुनीच. मोरपंखी रंगात थोडी राखाडी वा तांबूस छटा मिसळली, की त्याचा भडकपणा ओसरतो आणि पावसाळी समुद्रासारखा संयत रंग उरतो. आजच्या अनेक निळ्या-हिरव्या रंगांचा आधार असलेले थॅलोसायनिन हे रंगद्रव्य १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथच्या कारखान्यात योगायोगाने हाती लागले. १९३५ मध्ये त्यातील निळा रंग बाजारात आला. तो उन्हाने सहजी विटत नाही.

या रंगकुळाचा शांतपणा वैद्यकानेही हेरला. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियागृहातील पांढऱ्या भिंतींचा झगझगाट टाळण्यासाठी हिरवा रंग योजला. रक्ताच्या लालीला तो पूरक होता. घरातही हेच सूत्र उपयोगी पडते. सागवानी फर्निचर, पितळी समई, तांब्याचा घडा, मातीची कुंडी या तांबूस वस्तू अशा भिंतीपुढे खुलून दिसतात. मात्र चारही भिंती याच रंगाच्या केल्या आणि वर पांढरीफेक ट्यूबलाइट लावली, तर दिवाणखान्याला रुग्णालयाची कळा येण्याचा धोका असतो. एक भिंत निळसर-हिरवी आणि उरलेल्या हस्तिदंती ठेवणे लहान घरात अधिक शोभते.

दिव्यांचा परिणामही मोठा. २७०० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात ही छटा हिरवट भासते, तर ६५०० केल्विनच्या शुभ्र प्रकाशात निळी. त्यामुळे पुस्तिकेतील बोटभर नमुन्यावर विसंबू नये. भिंतीवर दोन फूट लांबी-रुंदीचा पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहावा.

खर्चाचा अंदाजही सोपा आहे. बारा फूट रुंद व दहा फूट उंच भिंतीचे क्षेत्र १२० चौरस फूट होते. गुळगुळीत पृष्ठभागावर दोन हातांसाठी सुमारे एक लिटर इमल्शन पुरते. म्हणजे एका भिंतीने खोलीचे रूप पालटणे आवाक्यातले आहे.

खरा खर्च अनेकदा रंगाआड दडलेला असतो. भिंतीत ओल असेल, तर कितीही उंची रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतो. आधी गळतीचा उगम शोधावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग लांबी व प्रायमर लावावा. घरात लहान मुले असल्यास डब्यावरील शिशाविषयीची नोंदही वाचावी. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. जुना रंग खरवडताना उडणारी धूळ मुलांपासून दूर ठेवणे तितकेच अगत्याचे. कोरडी भिंत आणि निर्धोक रंग यांची खातरजमा झाली, की छटेचा निर्णय निश्चिंत मनाने घेता येतो.