भूगर्भशास्त्राची पदवी घेतली, पण नोकरीच्या कामाचे काय?

बेळगाव : भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला घरचे विचारतात, 'पुढे काय?' पूर्वी गोव्याच्या खाणींकडे बोट दाखवता येत होते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि तो भरवसा गेला. लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण एकाच दारावर विसंबून चालणार नाही.

सरकारी नोकरीचे म्हणाल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे नुसत्या बी.एस्सी.वर ती देता येत नाही. एम.एस्सी.साठी आयआयटीची 'जॅम' हा एक मार्ग. लगेच काम हवे असेल तर मात्र हाताला काही यायला हवे.

उदाहरण कोअरचे. पूल, धरण किंवा बोगद्याआधी जमिनीत ड्रिलिंग करून खडकाच्या लांब कांड्या काढतात. त्यांतील 10 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करून खडकाचा दर्जा टक्क्यांत काढतात. त्याला 'आरक्यूडी' म्हणतात. एक मीटर ड्रिलिंगमध्ये असे तुकडे 68 सेंटीमीटर भरले, तर आरक्यूडी 68, म्हणजे खडक मध्यम. 75 च्या पुढे चांगला, 25 च्या खाली अगदी कमकुवत.

गणित सोपे आहे, खरी मेख वेगळीच. कांडी मुळातल्या भेगेवर तुटली की ड्रिलिंगच्या धक्क्याने, हे ओळखावे लागते. धक्क्याने तुटलेले तुकडे जोडूनच मोजायचे असतात. ते चुकले तर चांगला खडक कागदावर कच्चा ठरतो आणि पायाचा खर्च वाढतो. ही नजर पुस्तकातून येत नाही, कोअरची पेटी समोर ठेवूनच येते.

दुसरे कौशल्य नकाशाचे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, 'भूकोश' पोर्टलवर भूवैज्ञानिक नकाशे मिळतात. विद्यार्थ्यांनी एका गावातल्या विहिरींची पाणीपातळी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून नकाशावर मांडावी. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. त्यामुळे शेजारशेजारच्या विहिरींतही फरक दिसतो. तो का, हे पंचायतीला कळेल अशा दोन पानांत लिहिणे, हे तिसरे कौशल्य.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रवेश घेताना पालकांनी एवढेच विचारावे : मुले वर्षातून किती दिवस फील्डवर जातात आणि परतल्यावर अहवाल स्वतः लिहितात का?