ध्वनिमुद्रणातून बोटांपर्यंत

सप्टेंबर २००६ मध्ये टोरांटोच्या ग्लेन गूल्ड स्टुडिओत श्रोत्यांसमोर एक पियानो वाजला. त्याच्यापुढे वादक बसलेला नव्हता. पट्ट्या आपोआप खाली-वर होत होत्या आणि बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ऐकू येत होती. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये ती जशी वाजवली होती, अगदी तशी. गूल्ड यांना जाऊन तोवर चोवीस वर्षे होत आली होती. झेन्फ स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने जुन्या मोनो मुद्रणातून त्यांच्या बोटांच्या हालचाली शोधून काढल्या आणि यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर या संगणकचालित पियानोकडून त्या पुन्हा करवून घेतल्या. पुढच्या वर्षी सोनीने या वादनाची तबकडी काढली. गूल्ड वाजवताना गुणगुणत, आणि ते मूळ मुद्रणात ऐकूही येते. नव्या तबकडीत मात्र गुणगुणणे नाही. पट्ट्यांवर जे घडले तेवढेच परत आले.

ध्वनिमुद्रणाचे मिडीत रूपांतर करणे म्हणजे काय, ते या प्रसंगातून नीट समजते. एका फाइलची दुसऱ्या प्रकारची फाइल करण्याइतके ते साधे नाही. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढ्या आज्ञा तिच्यात असतात. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ही पद्धत ठरली, ती एका कंपनीच्या सिंथेसायझरला दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर वाजवता यावा म्हणून. तिच्यात सुरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर ६९ व्या क्रमांकाचा, त्याच्या खालच्या सप्तकातला २२० चा सूर ५७ वा. पट्टी दाबल्याची आज्ञा अवघ्या तीन बाइटची. याउलट सीडीच्या दर्जाचे मुद्रण सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीचे माप घेते आणि एका मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा खाते. मिडीतून ध्वनी काढणे सोपे आहे. उलट दिशेने जायचे, तर ऐकू आलेल्या परिणामावरून घडलेली कृती ओळखावी लागते.

यातली मुख्य अडचण निसर्गाने घालून ठेवली आहे. कोणताही वाजलेला सूर एकटा नसतो. ११० कंपनांच्या सुरात २२०, ३३०, ४४० असे उपस्वर मिसळलेले असतात. आता ११० आणि २२० हे दोन सूर एकत्र वाजले, तर वरच्या सुराचा प्रत्येक उपस्वर खालच्याच्या उपस्वरांवर नेमका बसतो. मग दुसरी पट्टी खरोखर दाबली होती की तो पहिल्याच सुराचा अंश होता? त्याच्या जोरावरून आणि उमटण्याच्या क्षणावरून अंदाज बांधावा लागतो. दुसरी अडचण वेळेची. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ कंपनांचा, शेजारचा सुमारे २९.१ चा. कंपनांच्या पृथक्करणाने हे दोन वेगळे ओळखायचे, तर अर्ध्या सेकंदाहून मोठा तुकडा तपासावा लागतो. पण तेवढ्या वेळात वादक अनेक सूर वाजवून पुढे गेलेला असतो. सुराची ओळख पक्की करावी तर क्षण निसटतो, क्षण पकडावा तर सूर धूसर होतो.

स्टॅनफर्डमध्ये जेम्स मूरर यांनी १९७५ च्या प्रबंधात संगणकाकडून एकत्र वाजणाऱ्या दोन सुरावटींचे लेखन करून दाखवले. त्या काळी ती मोठीच मजल होती. खरी झेप अलीकडची आहे आणि तिच्यामागेही तोच डिस्क्लाव्हिअर आहे. काही पियानो स्पर्धांत स्पर्धक त्यावर वाजवतात तेव्हा पियानोचा आवाज आणि पट्ट्यांची हालचाल दोन्ही एकाच वेळी नोंदली जातात. अशा एका स्पर्धेतल्या सुमारे १७२ तासांच्या जोडनोंदी गूगलच्या मॅजेंटा गटाने २०१८ मध्ये ‘माएस्ट्रो’ नावाने खुल्या केल्या. त्याच गटाच्या पद्धतीत न्यूरल नेटवर्कचा एक भाग फक्त सुराचा आरंभ ओळखतो, दुसरा सूर टिकून आहे का ते पाहतो. आरंभ सापडल्याशिवाय सूर धरायचाच नाही, असा नियम. या साध्या नियमाने चुका फार कमी झाल्या, आणि मला या सगळ्या वाटचालीतली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. स्पॉटिफायने २०२२ मध्ये खुले केलेले ‘बेसिक पिच’ गिटार, गळा, बासरी अशा कोणत्याही आवाजावर चालते आणि सुराची वळणेही टिपू पाहते.

पियानोवर एवढे यश मिळते याला कारण आहे. हातोडी तारेवर आदळून मागे फिरली की त्या सुरावर वादकाची सत्ता संपते. उरते ती पट्टी सोडणे आणि पेडल. म्हणजे मिडीत जे लिहिता येते, जवळपास तेवढेच पियानोवर घडते. गळ्याचे तसे नाही, आणि हिंदुस्थानी गळ्याचे तर मुळीच नाही. दरबारी कानड्यातला आंदोलित कोमल गंधार अशा प्रोग्रॅमला दिला, तर झुलणाऱ्या एका स्वराच्या जागी त्याला रिषभ आणि गंधार आलटून-पालटून ठोकल्यासारखे दिसतात. मागे तंबोरा असला तर जवारीतून उठणारे उपस्वर आणखी गोंधळ घालतात. शिवाय ४९ हा क्रमांक मिळाला, तरी तो षड्ज आहे की नाही हे कळत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा तो सा असेल, दुसऱ्या कुणाचा नसेल.

दोष मिडीच्या मापात नाही. सूर वळवण्याच्या आज्ञेत १६,३८४ पायऱ्या आहेत, कानाला कळतील त्याहून कितीतरी बारीक. प्रश्न निवाड्याचा आहे. भातखंडे लिपीत मुख्य स्वर ओळीत येतो, त्याला ओझरता लागणारा कणस्वर वर बारीक लिहिला जातो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेसाठी स्वरांवर कमान काढली जाते. यातला मुख्य कोणता आणि कण कोणता, हे लिहिणारा रागाच्या ज्ञानाने ठरवतो. म्हणूनच मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तबला-तंबोऱ्याच्या साथीतून गाणाऱ्याचा सूर वेगळा काढण्यावर जे काम केले, त्यात गायन सलग रेषेच्या रूपात हाती येते. त्या रेषेवर कुठे थांबून स्वर म्हणायचे, हा निर्णय नंतरचा, आणि तो रागागणिक बदलतो.