बारा आणे आणि पाचशे पौंड : डहाणू-तलासरीचे १९४५

दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत लाल झेंड्याखाली हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. वारल्यांच्या उठावाचा विषय निघाला की बहुतेकांना आठवतो तो हा दिवस : तलवाड्याचा गोळीबार, त्यातला पहिला हुतात्मा जेठ्या गांगड. मीही अनेक वर्षे १९४५ हे साल त्या गोळीबारापासूनच वाचत आलो. पुढे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि शामराव परुळेकरांची १९४७ सालची इंग्रजी पुस्तिका शेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा माझे लक्ष दोन आकड्यांवर अडले. एक आकडा मे महिन्यातला, दुसरा ऑक्टोबरमधला. त्या वर्षाचे मर्म या दोन आकड्यांत आहे, असे मला आता वाटते.

आधीची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा हे १९३५च्या कायद्यानुसार ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश होते. मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून अशा भागांतील आदिवासींची पाहणी करून घेतली. १९३९च्या त्यांच्या अहवालात वेठ, मारहाण आणि कर्जापोटीची गुलामी यांची नोंद सरकारी भाषेत आहे. म्हणजे सरकारला सगळे ठाऊक होते. जमीनदाराचा निरोप आला की कुळाने स्वतःची लावणी टाकून त्याच्या शेतावर जायचे, ही वेठ. लग्नासाठी पैसे घेतले म्हणून नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचे, हा लग्नगडी. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी वेगळीच.

या सर्वांत एक गोष्ट समान होती : कशालाच माप नव्हते. वेठीला दर नव्हता आणि तासही नव्हते. लग्नगड्याचे कर्ज कोणत्या दिवशी फिटले, हे सांगणारी तारीख नव्हती. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ती वही वाचता येणारा माणूस पाड्यावर नाही. फटके तेवढे डोळ्यांना दिसतात. ही मापहीनता दिसत नाही. पण माणसाला जन्मभर बांधून ठेवणारी खरी दोरी तीच होती.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे काही वारली तिथे गेले. त्यांत झरीचे माह्या धांगडा होते. आपल्या भागातली वेठ त्यांनी परिषदेपुढे मांडली. त्यानंतर परुळेकर दांपत्य या पाड्यांवर हिंडू लागले आणि २३ मे रोजी झरी गावात वारल्यांची परिषद झाली. युरोपातले महायुद्ध थांबून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. सुमारे पाच हजार माणसे जमली. ठरले ते साधे होते : वेठ करायची नाही, मारायला आला तर प्रतिकार करायचा, सगळ्यांनी एक राहायचे, आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज काम करायचे नाही.

हा पहिला आकडा. बारा आणे फार नव्हेत. पण दिवसाला किंमत लागली, की फुकट घेतलेला दिवस चोरीचा ठरतो. पुढच्या काही आठवड्यांत उंबरगाव पेट्यात आणि मग डहाणूत वेठ बंद पडली, लग्नगडी सावकारांच्या घरांतून बाहेर पडले. ठराव कागदावर राहिला नाही, कारण तो कोणालाही तोंडपाठ करता येण्यासारखा होता.

दुसरा आकडा गवताचा. पाऊस सरला की डहाणूकडच्या माळांवर गवत कापणीला येते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारा हा चारा जमीनदार आणि व्यापाऱ्यांच्या कमाईचे मोठे साधन होता. ऑक्टोबरमध्ये वारल्यांनी मागणी केली : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे; झरीच्या दराने सव्वातीन दिवसांहून थोडी जास्त मजुरी. मागणी मान्य होईपर्यंत विळा हातात घ्यायचा नाही, असे ठरले.

वेळ नेमकी होती. उभे पीक थांबत नाही, हे शेतमजुराचे जुने बळ. १८८०मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याचे पीक काढायला शेतकऱ्यांनी नकार दिला; सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरून मजूर आणावे लागले आणि खर्च पिकाच्या कितीतरी पट झाला. ‘बॉयकॉट’ हा शब्द जगाला तिथून मिळाला. तलवाड्याला सरकारने निवडलेला मार्ग मात्र बंदुकीचा होता.

गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्यावर हल्ला होणार आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर पसरवण्यात आला. त्यांना वाचवायला हजारो वारली रातोरात तलवाड्याला आले. त्या तिथे नव्हत्याच. जमाव मारायला आला आहे, असे पोलिसांना सांगण्यात आले आणि १० व ११ ऑक्टोबरला गोळीबार झाला. पाच जण मेले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. संप मात्र मोडला नाही; अडीच रुपयांचा दर अखेर मिळाला.

म्हणून मला वाटते, या पाच जणांना केवळ गोळीबाराचे बळी म्हणणे अपुरे आहे. ते गवताला माप आणि दिवसाला दर मागणाऱ्या संपाचे हुतात्मे आहेत. जमीन कसणाऱ्याची, ही लढाई पुढची. ती करणारी माणसे या मापाच्या मागणीतून तयार झाली.

१९६०मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, झरी तलासरीत राहिली; २०१४पासून जिल्हा पालघर झाला. आजही भातकापणी आटोपली की दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात. तिथे हजार विटांमागे दर ठरलेला असतो, म्हणजे माप आहे. पण उचलीतून किती फिटले, किती राहिले, हा हिशेब बहुधा मालकाच्याच वहीत असतो. झरीच्या माळावर सुरू झालेले काम त्या वहीपाशी येऊन थांबले आहे.