भावनाबंदीचे नगर आणि ‘अप्रीती’चा गुन्हा

एका पडक्या घरावर सशस्त्र पोलिसांचा छापा पडतो. जमिनीच्या फळ्या उचकटल्यावर खाली दडवलेली चित्रे सापडतात. त्यांत लिओनार्दोची ‘मोनालिसा’ही असते. ती नक्कल आहे की अस्सल, याची यंत्राने शहानिशा होते. अस्सल असल्याची खात्री पटते आणि मगच तिच्यावर आगीचा झोत सोडला जातो. ‘इक्विलिब्रियम’ या २००२ साली प्रदर्शित झालेल्या विज्ञानपटाच्या आरंभीचा हा प्रसंग आहे. चित्र खोटे असते तर त्याची एवढी भीती बाळगण्याचे कारण नव्हते, हा त्यातील खरा टोमणा.

कर्ट विमर या लेखक-दिग्दर्शकाने रंगवलेला काळ तिसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. माणसाला पुन्हा युद्ध परवडणारे नाही आणि युद्धाचे मूळ माणसाच्या भावनांत आहे, असा निष्कर्ष काढून ‘लिब्रिया’ नावाच्या नगरराज्याने भावनांवरच बंदी घातली आहे. प्रत्येक नागरिकाने ठरलेल्या वेळी मानेत ‘प्रोझियम’ या औषधाची मात्रा टोचून घ्यायची. काव्य, संगीत, चित्रे, अत्तर, पाळीव प्राणी, म्हणजे ज्या ज्या वस्तूने मन हलते ती वस्तू नष्ट करायची. आणि ज्याला काही जाणवते त्याला ‘संवेदना-अपराधी’ ठरवून भट्टीत घालायचे. या कामासाठी ‘क्लेरिक’ या धर्मसत्तेची आठवण करून देणाऱ्या पदवीचे अधिकारी नेमलेले आहेत. त्यांतला अव्वल अधिकारी जॉन प्रेस्टन (ख्रिश्चन बेल) याच्या पत्नीला याच गुन्ह्यासाठी मृत्युदंड झालेला आहे, आणि ते त्याने निर्विकारपणे पाहिलेले आहे. पुढे येट्सच्या कवितांचे पुस्तक जवळ बाळगले म्हणून तो आपल्या सहकाऱ्यालाही गोळी घालतो. मग एके सकाळी औषधाची कुपी हातून पडून फुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही आणि प्रेस्टनला जाणवू लागते. बाकीचा चित्रपट या जाणवण्याचा आहे.

अर्थात, हाणामारीपट म्हणून तो अधिक ओळखला जातो. पिस्तुलांची लढाई एखाद्या कवायतीसारखी, गणिताने ठरवलेल्या पवित्र्यांनी लढण्याची ‘गन काटा’ ही त्यातील युद्धकला विमरने स्वतः रचली. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून बनवलेला हा चित्रपट अमेरिकेत मोजक्याच चित्रपटगृहांत लागला आणि तिकीटबारीवर सपशेल पडला. नंतर घरोघरच्या डीव्हीडींवर त्याने आपला चाहतावर्ग मिळवला. समीक्षकांनी त्याला जुन्या कादंबऱ्यांचे मिश्रण म्हटले, ते चुकीचे नव्हते. ऑर्वेलचा सर्वत्र दिसणारा हुकूमशहा, ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मधील पुस्तकांची होळी, हक्स्लेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधील सुखाची गोळी, हे सारे येथे हजर आहे. त्या गोळीला हक्स्लेने ‘सोमा’ हे नाव आपल्या वैदिक सोमरसावरून दिले होते. विमरच्या ‘प्रोझियम’मध्ये ‘प्रोझॅक’ ऐकू येते आणि ‘लिब्रिया’मध्ये ‘लिब्रियम’ हे १९६० मध्ये बाजारात आलेले चिंताशामक. (म्हणून कोणी डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करू नयेत. भावना बोथट झाल्याची तक्रार काही रुग्ण करतात हे खरे, परंतु त्या औषधांचा हेतू माणसाला जगण्याकडे परत आणण्याचा असतो.)

चित्रपटातील एक विसंगती सहज ध्यानात येते. भावना मारलेल्या या समाजात अधिकारी चिडतात, कुत्सित हसतात, बढतीसाठी झुरतात. हा पटकथेचा ढिसाळपणा म्हणावा, तर शेवटी कळते की सर्वोच्च सत्ताधीश स्वतः औषध घेतच नाही. बंदी इतरांसाठी आहे, आणि भावना हा राज्यकर्त्यांचा राखीव हक्क आहे. चित्रपटाचा राजकीय अर्थ येथे अधिक टोकदार होतो. भावना नाहीशी करणे कोणत्याच सत्तेला साधत नाही, तिला साधायचे असते ते भावनेची मक्तेदारी.

विज्ञानाच्या कसोटीवरही लिब्रियाचे गृहीतक टिकत नाही. भावना वजा केली की शुद्ध बुद्धी उरेल, ही समजूत जुनी आहे. मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दामासिओ यांनी १९९४ मध्ये ‘देकार्तची चूक’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहून तिला धक्का दिला. मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ काढल्यानंतर त्यांच्या एका रुग्णाची बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा शाबूत राहिली; लोपली ती भावना. पण त्यामुळे तो अधिक विवेकी झाला नाही. कागद कोणत्या क्रमाने लावावेत यासारख्या बाबीत त्याचे तास जात, व्यवहारात तो वारंवार चुकीचे निर्णय घेई. दोन पर्यायांतला एक ‘बरा वाटणे’ हीच निर्णयाची पहिली पायरी असते. लिब्रिया प्रत्यक्षात उभे राहिलेच, तर तेथे शांतता नांदण्याऐवजी सगळे कामकाजच ठप्प होईल.

हे नगर पडद्यावर दिसते तेही अभ्यासण्यासारखे आहे. चित्रीकरण प्रामुख्याने बर्लिनमध्ये झाले. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझी राजवटीने उभारलेल्या स्टेडियमपासून अलीकडच्या काच-काँक्रीटच्या इमारतींपर्यंत, माणूस खुजा वाटावा अशा वास्तू दिग्दर्शकाने निवडल्या. त्या पार्श्वभूमीवर एक साधा प्रसंग लक्षात राहतो. औषध सुटलेला प्रेस्टन कचेरीत आपल्या टेबलावरच्या वस्तू थोड्या सरकवून वेगळ्या मांडतो. एवढ्यानेही सहकाऱ्याला संशय येतो. आखलेल्या जागेत आपल्या हाताने केलेला फेरफार हाच तेथे गुन्ह्याचा पुरावा असतो.

नवी मुंबईच्या वाचकाला या प्रसंगाचा दुसरा पैलू दिसू शकेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नियोजित शहर आखले गेले. बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात जी बैठी वसाहत वसवली, तिच्यात घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक ठेवल्या नाहीत. प्रत्येक कुटुंबाला आपले घर हवे तसे वाढवता यावे, हा त्यामागचा हेतू. त्याच बेलापुरात खाडीकाठी दिवाळे हा कोळीवाडा आहे. त्याच्या गल्ल्या कोणत्याही आराखड्यातून आलेल्या नाहीत, त्या होड्या आणि शेजारधर्म यांच्या गरजेने पडल्या. नियोजनाला येथे अशा गावाशी जुळवून घ्यावे लागले. ते नेहमीच नीट जुळले असे नाही. प्रकल्पग्रस्तांच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, हा इतिहास याच शहराचा आहे. तरीही लिब्रियाच्या नकाशात दिवाळ्यासारख्या गावाला जागाच नाही, हा फरक मोठा आहे. तेथे जुनी वस्ती तटबंदीबाहेरच्या भग्नावशेषांत असते आणि तेथेच संवेदना-अपराधी लपतात.

पण मनात काय आहे यावरून गुन्हा, ही कल्पना विज्ञानपटाची म्हणून सोडून द्यावी अशी नाही. मुंबई उच्च न्यायालयात ती १८९७ मध्ये कायदा म्हणून लागू झाली.

भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेले १२४-अ हे कलम ‘राजद्रोहा’चे म्हणून परिचित आहे. त्याच्या मूळ मजकुरात शिक्षापात्र ठरवलेली गोष्ट होती सरकारविषयी ‘अप्रीतीची भावना’ चेतवणे. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापली गेली. महाराज परत येऊन देशाची दशा पाहतात, अशी त्या कवितेची कल्पना. आठवड्याभरात पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात संपादक बाळ गंगाधर टिळक यांना अटक झाली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे प्रश्न आला, ‘अप्रीती’ म्हणजे काय? त्यांनी ज्यूरीला सांगितलेला अर्थ असा की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तिटकारा, सरकारविषयीचा कोणताही दुर्भाव त्यात येतो. प्रत्यक्ष दंगा झाला की नाही, हा प्रश्न गैरलागू. भावना तीव्र की सौम्य, याचा विचार फक्त शिक्षा ठरवताना. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची.

लिब्रियात प्रेम करणे गुन्हा होता. येथे प्रेम न करणे गुन्हा ठरला. दिशा उलट असली तरी दोन्ही राज्ये पहारा बसवत होती तो मनावरच. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती झाली आणि ‘अप्रीती’त वैराच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण कायद्यातच लिहिले गेले. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यातही हाच शब्द होता. नाटक तर भावनांवरच जगते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. रंगमंचावर एका इंग्रजाचेही नाव घेतलेले नव्हते. सरकारला भीती होती ती प्रेक्षागृहात काय जाणवते याची.

१९०८ साली ‘केसरी’तील अग्रलेखांवरून टिळकांवर पुन्हा खटला झाला. या वेळी न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले तेच हे दावर. सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले आणि सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. पुढे १९२२ मध्ये अहमदाबादला याच कलमाखाली उभे असताना गांधीजींनी कलमाच्या मर्मावरच बोट ठेवले. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही की त्याचे नियमनही करता येत नाही, असे त्यांनी न्यायाधीशांना सांगितले आणि गुन्हा कबूल केला. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह प्रकरणात या कलमाचा अर्थ हिंसा वा अशांतता माजवण्याच्या प्रवृत्तीपुरता आवळला. मे २०२२ मध्ये त्याचा वापर थांबवला गेला आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, मात्र फुटीर कृत्यांच्या ‘भावनां’ना उत्तेजन देणे हा शब्दप्रयोग आहे. भावना आणि कृती यांच्यातील रेषा न्यायालयांना पुन्हा आखावी लागणार आहे.

आता चित्रपटाच्या नावाकडे वळू. ‘इक्विलिब्रियम’ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘समत्व’. गीता योगाची व्याख्या याच शब्दाने करते, आणि सुखदुःखाने न डळमळणारा स्थितप्रज्ञ हा तिचा आदर्श. मग लिब्रियाचा निर्विकार नागरिक हा स्थितप्रज्ञ म्हणायचा का? प्रश्न गमतीचा वाटेल, पण ‘सर्व विकार मारा’ असा गीतेचा अर्थ लावणारे पूर्वीही कमी नव्हते. त्यांना सविस्तर उत्तर मिळाले ते मंडालेच्या तुरुंगातून, अप्रीतीच्या गुन्ह्यात दोनदा शिक्षा झालेल्या माणसाकडून.

१९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. त्यातील सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात ते तृष्णा आणि असंतोष हीच दुःखाची मुळे आहेत, या मताची तपासणी करतात. तृष्णेने दुःख होते हे त्यांना मान्य आहे, परंतु म्हणून सगळी इच्छा आणि सगळा असंतोष टाकून द्यावा हे मान्य नाही. असंतोष हे उत्कर्षाचे मूळ आहे, या महाभारतातील विचाराचा ते आधार घेतात. त्यांच्या मते सोडायची ती फळाची आसक्ती. कर्म सोडायचे नाही आणि कर्माला प्रवृत्त करणारी भावनाही मुळासकट उपटायची नाही. बुद्धी सम ठेवून तिला वळण लावायचे. हे समत्व ज्याचे त्याने कमवायचे असते. ते कुपीत भरून वाटता येत नाही, आणि राज्याला सक्तीने टोचता तर मुळीच येत नाही. प्रेस्टनलाही शेवटच्या लढाईत जे स्थैर्य लाभते, ते औषध सुटल्यानंतरचे आहे.

योगायोग असा की हे लेखन चालू होते त्याच सुमारास, १९१० मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’चे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांचे पुस्तक बाहेर आले आणि त्यातून टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही उपाधी मिळाली. चिरोलना तो आरोप वाटत होता.

‘गीतारहस्य’ पेन्सिलीने वह्यांत लिहिलेले होते. १९१४ मध्ये टिळक सुटले तेव्हा त्या वह्या सरकारच्या ताब्यात राहिल्या, आणि त्या परत मिळतील की नाही याची मित्रांना धास्ती वाटू लागली. टिळकांना ती नव्हती. वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असे त्यांचे म्हणणे होते. ती वेळ आली नाही. सरकारने वह्या परत केल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.