कानात गाणं आणि मागून ट्रॅक्टर

आज कर्ज, हप्ते, व्याज यातलं काही बोलणार नाही. गेल्या काही बैठकांत एक प्रश्न सारखा येतोय. पोरगी सायकलवरून शाळेला जाताना कानात इअरफोन घालून गाणी ऐकते, ते चालेल का? एक म्हणते, "ऐकू दे की, तेवढाच रस्ता सरतो." दुसरी म्हणते, "मी तर तिची सायकलच बंद करणार." आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यांची शाळा टिकली. तेव्हा सायकल बंद करणं हे उत्तर नाही, हे आधीच सांगून टाकते. राहिला प्रश्न गाण्याचा.

सायकलला आरसा नसतो. मागं काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, ते काम कान करतात. इंजिनाचा आवाज वाढत चाललाय की कमी होतोय, गाडी लहान आहे की मोठी, डावीकडून येतेय की उजवीकडून, हे आपण मान न वळवता ओळखतो. ते कसं जमतं? उजवीकडचा आवाज उजव्या कानात डाव्यापेक्षा किंचित आधी आणि थोडा मोठा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा काढतो. त्यासाठी दोन्ही कान मोकळे लागतात. एक कान बंद असला तर हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठल्या अंगाने आला ते पटकन कळत नाही, आणि माणूस नेमका गाडीच्याच बाजूला सरकतो.

आता थोडा हिशोब करू, वहीतला करतो तसाच. जीप ताशी ६० किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. मुलीची सायकल ताशी १५ ने चाललीय, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. दोघींतलं अंतर सेकंदाला साधारण १२-१३ मीटरनं कमी होतं. जीप ५० मीटरवर असताना, म्हणजे विजेच्या दोन खांबांमध्ये असतं साधारण तेवढ्या अंतरावर असताना ऐकू आली, तर बाजूला व्हायला ४ सेकंद मिळतात. गाण्याच्या नादात ती १२ मीटरवर आल्यावर कळली, तर १ सेकंद. खड्डा चुकवत, पाठीला दप्तर घेऊन, एका सेकंदात काय होणार?

नेदरलँड्स देशात घरोघरी सायकल आहे. तिथल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली याचाच अभ्यास मांडला होता. त्यांना असं दिसलं की मोठ्या आवाजातलं किंवा जलद ठेक्याचं गाणं लागलं की सायकलवाल्यांना बाहेरचे आवाज नीट कळत नाहीत. कानाच्या भोकात घट्ट बसणारी बोंडं असतील तर हॉर्नसारखा मोठा आवाजही निसटतो. साधा, सैल बसणारा इअरफोन एकाच कानात असेल, तर मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे गाणं एवढं एकच कारण नाही. आवाज किती आणि कान किती बंद, यावर सगळं आहे. फ्रान्सनं तर २०१५ पासून सायकलस्वारांनाही कानात काही घालायला बंदी केली, १३५ युरो दंड. आपल्याकडे गाडी चालवताना हातात मोबाईल धरायला मोटार वाहन कायद्यानं मनाई आहे, पण तो कायदा मोटारगाड्यांचा. सायकलवर लक्ष आपणच ठेवायचं.

कुणी म्हणेल, मोटारीत काचा लावून गाणी ऐकतातच की! ऐकतात. पण त्यांच्याभोवती पत्रा आहे, पट्टा आहे, तीन आरसे आहेत. आपल्या मुलीच्या अंगावर शाळेचा ड्रेस.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत. कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याला लागतात. ड्रायव्हरनं टेप एवढा मोठा लावलेला असतो की त्याला सायकलची घंटा ऐकू येत नाही. पोरीच्याही कानात गाणं असलं तर मग दोघंही बहिरे. पहिली ट्रॉली पुढं गेली म्हणून ती रस्त्यावर परत येते, आणि मागून दुसरी येते. दुसरी गोष्ट बॅटरीवरच्या स्कूटरची. तिचा मुळात आवाजच कमी, त्यामुळं कान मोकळे असले तरी मागं वळून बघायची सवय लागते.

आता एक नाजूक बाब. काही मुलींनी मला खासगीत सांगितलं, "ताई, गाण्यासाठी नाही घालत. नाक्यावरची पोरं काहीबाही बोलतात, ते ऐकू येऊ नये म्हणून घालतो." हे ऐकून मला पोरींचा नाही, आपला राग आला. त्यांना रागावून उपयोग नाही. त्याच पोरांची मोटारसायकल मागून अंगावर आली तर तीही ऐकू येणार नाही, हे त्यांना समजावून सांगावं. पण नाक्याचा बंदोबस्त हे आपलं काम आहे. चार-पाच मुलींनी एका वेळेला निघावं, गटातल्या दोघीतिघींनी त्या वेळेला नाक्यावर उभं राहावं, आणि तरीही थांबलं नाही तर शाळेला आणि पोलीस पाटलांना लेखी द्यावं. गटाच्या लेटरहेडवर दिलं की वजन पडतं.

ज्यांना गाणं हवंच आहे त्यांच्यासाठी सांगते. फोन पुढच्या टोपलीत ठेवून हळू आवाजात लावला तर दोन्ही कान मोकळे राहतात. कानात घालायचंच असेल तर एकच, सैल बसणारं, तेही डाव्या कानात, कारण आपल्याकडे गाड्या उजव्या अंगानं ओलांडतात. शेतातल्या निवांत वाटेवर चालेल. डांबरी रस्ता, फाटा, पूल आला की काढून खिशात. बाहेरचा आवाज पूर्ण तोडणारे नवे हेडफोन आहेत, ते सायकलवर अजिबात नकोत. वायरवाले असतील तर वायर ओढणीच्या आत घ्यावी, हँडलला अडकते. आणि चालत्या सायकलवर गाणं बदलायचं नाही, त्यात डोळे आणि हात दोन्ही जातात.

वाऱ्यामुळं सायकलवर गाणं नीट ऐकू येत नाही, म्हणून मुली आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आतच ठेवावा.

घरी एक करून बघा. मुलीला तिच्या नेहमीच्या आवाजात गाणं लावून अंगणात पाठमोरी उभी करा आणि तुम्ही मागून सायकलची घंटा वाजवत या. तुम्ही किती जवळ आल्यावर तिनं मान वळवली, ती पावलं मोजा आणि पुढच्या बैठकीला आकडा घेऊन या.