खेळातल्या गावाची दिवेलागण

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या की आपल्या मराठवाड्यातल्या घरांतून काय गडबड उडते, ते तुम्हांला मी सांगायला नको. डब्यांतले मुखवटे बाहेर निघतात, कोथळ्या पुसल्या जातात, सोळा भाज्यांची यादी होते. आणि नेमकी त्याच वेळी मुलं पायांत घोटाळत असतात. "आई, या वर्षी पुढं काय मांडायचं?"

पालमसारख्या तालुक्याच्या गावीही आता पुष्कळ घरी प्लास्टिकच्या, एकीत एक अडकणाऱ्या विटांचा डबा असतो. या वर्षी त्याच विटांचं गाव महालक्ष्म्यांपुढं मांडू द्या की! बाजारपेठ करू द्या, एस.टी. स्टँड करू द्या. निळा कागद अंथरून गोदावरी करता येते आणि तिच्या मधोमध आपलं जांभूळबेट. घरातली मोठी माणसंही मग "अरे, पोस्ट ऑफिस राहिलं" म्हणत खाली बसतात. गाव उभं राहिलं की मुलांचा पुढचा हट्ट ठरलेला: यात दिवे लावून दे.

इथंच आपण बायका मागं सरतो. तारांचं काम म्हणजे यजमानांचं, नाहीतर गल्लीतल्या वायरमनचं, असं आपण धरूनच चालतो. किंवा मग बाजारातून विजेची माळ आणून ती घरांच्या आतून फिरवतो. पहिलं अनावश्यक आहे आणि दुसरं धोक्याचं.

माळेबद्दल आधी सांगते, कारण गैरसमज फार आहे. दिवा इवलासा, तेव्हा त्यात करंटही इवलासाच असणार, असं वाटतं ना? तसं नाही, बरं का. स्वस्त माळांत बारीक दिवे एकापुढं एक ओवलेले असतात आणि तार सरळ भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला जोडलेली असते. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येतात, पण तार कुठं सोलवटली आणि तिथं बोट लागलं, तर बसणारा धक्का घरातल्या पूर्ण विजेचा असतो. एलईडीच्या पुष्कळ स्वस्त माळाही अशाच असतात. ती प्लास्टिकची डबी दिवे चालू-बंद करते, धक्क्यापासून वाचवत नाही. गाव लहान म्हणून माळ कापून अर्धी जोडणं तर मुळीच नको. दिवे कमी झाले की उरलेल्यांवर भार वाढतो. जुन्या पद्धतीचे काचेचे दिवे तापतातही, आणि आपल्या विटा प्लास्टिकच्या.

मग काय करायचं? साधे तीन पेन्सिल सेल घ्यायचे. तीन मिळून साडेचार व्होल्ट होतात. उघड्या तारेला हात लागला तरी काही जाणवत नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तीन सेलचा होल्डर, बटण, ३ मिलिमीटरचे एलईडी दिवे आणि ४७० ओहमचे रेझिस्टर मागा. पालमला नाही मिळालं तर परभणीला किंवा नांदेडला कुणी जाणार असेल त्याला चिठ्ठी द्या. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, रंगीत पट्ट्यांची वस्तू. ४७० ओहमवर पिवळी, जांभळी आणि तपकिरी अशा पट्ट्या असतात, शेवटी बहुधा सोनेरी. तिचं काम एवढंच, की दिव्याला झेपेल तेवढाच करंट पुढं सोडायचा. ती न लावता दिवा सेलला जोडलात तर क्षणभर झकास पेटेल आणि मग कायमचा जाईल.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडं, आखूड पाय उण्याकडं. उलटा लागला तर पेटणार नाही, पण या तीन सेलवर बिघडणारही नाही, फिरवून लावा. प्रत्येक दिव्याच्या लांब पायाला स्वतःचा एक रेझिस्टर पिळा. मग दोन लांब तारा गावाखालून न्या, एक अधिकाची, एक उण्याची. शिडीच्या पायऱ्या जशा दोन दांड्यांमध्ये असतात, तसा एकेक दिवा या दोन तारांमध्ये जोडा. अशा जोडणीत एक दिवा गेला तरी बाकीचं गाव उजळलेलं राहतं. एकामागं एक ओवलात तर तीन पांढरे दिवेसुद्धा साडेचार व्होल्टवर पेटणार नाहीत, कारण एका पांढऱ्या दिव्यालाच तीनेक व्होल्ट लागतात. तांबड्याला दोन पुरतात. जोडावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. डाख देता येत असेल तर उत्तमच, पण तीन दिवसांच्या मांडणीला पीळ पुरतो.

दहा दिवे लावले तरी चांगले अल्कलाइन सेल सणाच्या तिन्ही संध्याकाळी आरामात निघतात. मोबाइलची पॉवर बँक वापरावी असं मुलं सुचवतील. हरकत नाही, मात्र इतका कमी करंट ओढला तर काही पॉवर बँका "कुणी जोडलेलंच नाही" असं समजून आपोआप बंद होतात. लाइट गेली तरी आपलं गाव पेटलेलं असावं, तेव्हा सेलच बरे.

तार घरात कशी न्यायची, हा प्रश्न मुलांवर सोडा. या विटांचं माप मोठं नेटकं आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीनं १९५५ साली खेळण्यातल्या गावाची कल्पना बाजारात आणली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या घडणीच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या विटेच्या दोन गुंड्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, म्हणजे गुंड्यांच्या मधल्या फटीत बारीक तार बसते. गावाखाली जाड पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलंत तर सगळा गुंता त्याच्या पोटात जातो.

घरात दिवा लागला की एक अडचण दिसते: पांढऱ्या आणि पिवळ्या विटांच्या भिंतीच कंदिलासारख्या उजळतात आणि खिडकी हरवते. आतून काळा कागद लावा. चॉकलेटची चांदी लावू नका. तिच्यातून करंट जातो आणि दोन तारा एकमेकींना भिडतात. खिडकीला पतंगाचा कागद लावला की उजेड मऊ होतो.

आणि एक माझं मत, पटलं तर घ्या. सगळ्या खिडक्या पेटवू नका. संध्याकाळी आपल्या गावात काय दिसतं ते मुलांना एकदा गच्चीवर नेऊन दाखवा. दुकानात लखलखाट असतो, स्वयंपाकघरात पिवळट उजेड असतो, शाळा अंधारात असते. स्टँडवर एखादाच दिवा. आणि जांभूळबेटावर तर काहीच नको; तिथल्या मोरांना झोपू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती. एलईडीच्या तयार छोट्या दिव्यांत, चमकणाऱ्या खेळण्यांत, नाण्याएवढे चपटे सेल येतात. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते या गावात आणूच नका. सणाला पाहुण्यांची लेकरं येतात, कोण काय तोंडात घालील याचा नेम नसतो. असा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागी त्याचा करंट वाहू लागतो, त्यातून दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतला भाग भाजून निघतो. वापरून टाकून दिलेला सेलही हे करू शकतो. मूल सुरुवातीला रडेलच असं नाही. नुसती लाळ गळते, किंवा ते जेवत नाही. शंका आली तरी उलटी करवू नका, "शीतून निघून जाईल" म्हणून वाट पाहू नका, एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय तडक गाठा. पेन्सिल सेलचा होल्डरही झाकणाला स्क्रू असलेलाच घ्या.

समई आणि निरांजन गावापासून हातभर दूर असू द्या. पदर सांभाळून वाती सारायची सवय आपल्याला आहे, प्लास्टिकच्या घरांना नाही.

मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या उठल्या की आधी सेल काढा, मग विटा. सेल तसेच राहिले तर पाझरून होल्डरच्या पट्ट्या गंजवतात. दिवे आणि रेझिस्टर पिळलेलेच राहू द्या, एकेक जोडी कागदाच्या घडीत ठेवा. दिवाळीत अंगणात किल्ला झाला की मुलं तेच मागायला येणार.