इंजिनावरचा ठसा

१९६९ सालच्या शेवरले कॅमारोच्या चासी नंबरावरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं. ती साधी कॅमारो होती की शर्यतीच्या नियमांवर बेतलेली झेड/२८, हे त्यात नसतं. ते इंजिन सांगतं. उजव्या हेडच्या पुढ्यात ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग आहे. तिथे ठोकलेल्या ठशाच्या शेवटी ‘डीझेड’ ही अक्षरं असली, तर ते ३०२ घनइंचांचं इंजिन.

अमेरिकेतल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. शेवरलेने ३२७ इंजिनाचा चार इंची बोअर घेतला, त्याला २८३चा तीन इंची स्ट्रोक दिला आणि मर्यादेच्या किंचित आत राहून ३०२ तयार केलं. कागदावर २९० अश्वशक्ती. १९६९ मध्ये अशा २०,३०२ गाड्या तयार झाल्या. दणकून पळवण्यासाठीच घेतलेल्या या गाड्यांतली कितीतरी इंजिनं फुटली, नाहीतर बदलली गेली.

म्हणून जीर्णोद्धाराची सुरुवात बहुतेकदा ब्लॉकच्या शोधापासून होते. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतीव क्रमांक असतो, पण तेवढ्यावर विसंबून पैसे मोजू नयेत. ३९७००१० हा क्रमांक ३०२वर सापडतो, तसाच ३५०वरही, आणि ३५० पुढे अनेक वर्षं निघत राहिलं. ओतकामाची तारीखही पाहावी लागते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ही तारीख गाडी जुळणीला गेली त्याआधीची हवी. खुद्द गाडीच्या नंबराचे शेवटचे अंक ठशाशेजारी किंवा ऑइल फिल्टरजवळ जुळले, तर मग सोनंच.

खरा धोका त्यानंतर, मशीन शॉपमध्ये आहे. ब्लॉक धुतात, तडे तपासतात, तीस हजारांश इंच बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. यातलं काहीच वावगं नाही. पण वरच्या पृष्ठभागाला सरसकट फेसिंग मारलं, तर ठसा आणि कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या बारीक रेघा दोन्ही नाहीशा होतात. पन्नास वर्षांचा पुरावा दहा मिनिटांत भुशाबरोबर झाडून टाकला जातो. ठशाच्या भागाला फेसिंग मारायचं नाही, हे मिस्त्रीला आधी लिहून द्यावं, तोंडी सांगून भागत नाही. पुसलेला ठसा पुन्हा ठोकून देणारेही आहेत. ती माझ्या लेखी सरळ फसवणूक आहे.

जुळलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाही धीर लागतो. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे आणि सॉलिड आहेत. आजच्या सर्वसाधारण ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे नवा कॅमशाफ्ट पहिल्याच दिवशी घासून जाऊ शकतो. त्यासाठी जस्तयुक्त ऑइल भरायचं आणि सुरू होताच वीस-तीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास धरून ठेवायचं. आयडलवर सोडायचं नाही.

पत्रेकामात गंज जिथे डोळ्यांआड असतो तिथेच जास्त खातो: वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साचून, मागच्या काचेच्या खाचेत, डिकीच्या तळाशी. फ्लोअर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे गज वेल्ड करावेत, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. संपूर्ण नवी बॉडीही आज विकत मिळते. तिच्यावर जुना नंबर डकवून गाडी ‘मूळ’ म्हणून विकणं मात्र मला मान्य नाही.

रंगाला सगळ्यात जास्त वेळ जातो तो रंगाआधी. एपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड सरफेसर, मग गाइड कोटची पातळ काळी फवारणी आणि लांब लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर. काळं उरेल तिथे खड्डा आहे, पत्रा दिसेल तिथे उंचवटा. लांबी कमीत कमी भरावी. कारखान्याने वापरलेला अ‍ॅक्रिलिक लॅकर आता सहसा कुणी मारत नाही. बेसकोट आणि त्यावर क्लिअरकोट येतो. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं जायबंदी करू शकतं. फडकं बांधून फवारणी करू नये, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटाच घालावा. हगर ऑरेंज हा त्या सालचा प्रसिद्ध रंग, पण गाडीच्या ट्रिम टॅगवर दुसऱ्या रंगाचा कोड असेल तर तोच रंग द्यावा. हिरवी निघालेली झेड/२८ हिरवीच राहू द्यावी, बाजारात नारिंगीला कितीही भाव असला तरी.